जुन्या थडग्यांचे फोटो: नजर दगडावर आणायची तर आधी गवत शांत करा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. ढगाळ दिवशी जुन्या दफनभूमीत फोटो काढलेत. दगड कललेले, शेवाळलेले, अक्षरं झिजलेली. समोर उभं असताना नजर दगडावरच खिळत होती, फोटोत मात्र ती गवतात आणि आभाळात फिरत राहते. क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट) वाढवून पाहिली, कडा काळ्या केल्या, एका फोटोत तर दगड रंगीत ठेवून बाकी सगळं कृष्णधवल केलं. दगड उठून दिसतो, पण फोटो ‘केलेला’ वाटतो. मग एडिटिंगमध्ये करायचं तरी काय?

तुम्ही बहुतेक सगळे उपाय दगडावर केलेत. माझ्या मते दुखणं दगडात नाही, आजूबाजूला आहे. फोटोत नजर आपोआप कुठे जाते? सगळ्यात उजळ भागाकडे, जिथे काळं-पांढरं एकमेकांना भिडतं तिथे, भडक रंगाकडे आणि बारीक तपशिलाच्या गर्दीकडे. आता तुमची फ्रेम आठवा. सगळ्यात उजळ आहे ते ढगाळ आभाळ. सगळ्यात भडक रंग गवताचा. सगळ्यात जास्त बारीक रेघाही गवताच्या पात्यांच्याच. दगड बिचारा मधल्या करड्या रंगाचा, तिन्ही बाबतींत मागे. तो कितीही वर ढकलला तरी आभाळाइतका उजळ होणार नाही, आणि केलाच तर तो दगड वाटणार नाही, थर्माकोल वाटेल. प्रत्यक्षात तुम्ही आभाळाकडे दुर्लक्ष करू शकत होतात, कारण तुम्हाला काय बघायचंय ते ठरलेलं होतं. फोटो बघणाऱ्याचं तसं काही ठरलेलं नसतं.

पुढे जाण्याआधी, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. फोटो नोंदीसाठी आहे, म्हणजे वंशावळ, संशोधन, लेख वाचून घेणं यासाठी, की चित्र म्हणून, हे आधी ठरवा. दोन्हींचे नियम वेगळे आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही साधायला गेलं की दोन्ही बिघडतात. मी नोंदीची प्रत आणि चित्राची प्रत वेगळ्या ठेवतो. दुसरं, रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी) आहे की फक्त जेपेग? जेपेगमध्ये पांढरं उडालेलं आभाळ खाली ओढलं की मळकट राखाडी पत्रा मिळतो, ढग मिळत नाहीत. तिसरं, दगड कोणता? पावसातल्या आम्लामुळे संगमरवर विरघळत जातो, अक्षरांच्या कडा गोल होतात, तिथे धार देण्यासारखी कडच उरलेली नसते. स्लेटवर अक्षरं शतकानुशतकं तीक्ष्ण राहतात, पण खाच आणि पृष्ठभाग दोन्ही सारखेच काळपट असतात. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये आभाळाचं आणि कधीकधी तुमचं स्वतःचंच प्रतिबिंब पडतं. त्यामुळे एकच प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज, सगळ्या फोटोंना लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

आणि ‘नजर दगडावर’ म्हणजे दगडावर नेमकी कुठे? नाव? वर कोरलेली कवटी, फूल, हात? तडा? की कललेल्या दगडाची बाह्यरेषा? दगड मोठा असतो, नजरेला टेकायला जागा लहान लागते. ती जागा मी कुठलाही स्लायडर हलवण्याआधी ठरवतो. ठरत नसेल तर बहुधा तो फोटो निवडायचाच नव्हता.

आता काम. पहिल्यांदा आभाळ. क्रॉप करून ते घालवता येत असेल तर घालवा. पांढऱ्या आभाळाची वरची पट्टी ठेवण्याने चित्राला क्वचितच काही मिळतं. ठेवायचंच असेल, म्हणजे दगडाचा माथा आभाळावर कोरल्यासारखा दिसतो म्हणून, तर मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, अर्धा ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). त्याहून जास्त नको, नाहीतर वादळ येतंय असं वाटतं आणि दगडावरचा मऊ उजेड त्याच्याशी जुळत नाही. दगड आणि आभाळ यांच्या सीमेवर पांढरी किनार तयार झाली का हे दोनशे टक्के मोठं करून बघा. ‘केलेला’ वाटण्याचं पहिलं कारण तीच किनार असते.

मग गवत, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. गवत हिरवं दिसतं म्हणून लोक हिरव्याचा स्लायडर ओढतात आणि फार काही होत नाही. फोटोतल्या गवताचा रंग बहुतांशी पिवळ्या पट्ट्यात पडतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) वीस-तीस अंकांनी आणि ल्युमिनन्स (उजळपणा) दहा-पंधरा अंकांनी कमी करा, हिरव्याला त्याच्या निम्मं. छटा किंचित थंड बाजूला न्या. मात्र दगडावर पिवळं-केशरी दगडफूल (लायकेन) असेल तर तेही त्याच झटक्यात मरतं, म्हणून हे काम दगड वगळून करायचं. त्यानंतर गवतावरचं टेक्स्चर आणि क्लॅरिटी उणे करा, टेक्स्चर उणे वीस, क्लॅरिटी उणे दहा असं काहीतरी. पात्यांची किरकिर थांबते. धूसर दिसेल इतकं नको. गवत गवतच राहिलं पाहिजे, फक्त बोलायचं थांबलं पाहिजे.

दगडाच्या पायथ्याशी मास्कची कड कशी ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. सॉफ्टवेअर आता एका क्लिकमध्ये विषय निवडून देतं, पण दगड जिथे जमिनीत शिरतो तिथे पाती दगडावर आलेली असतात. मास्क तिथे कात्रीने कापल्यासारखा लागतो आणि दगड चिकटवल्यासारखा दिसतो. मी खालच्या कडेला मास्क मुद्दाम मऊ ब्रशने गवतात वीतभर सांडू देतो. पायथ्याचं गवत दगडाइतकंच उजळ, मग लांब जाता जाता हळूहळू मंद.

मागे दुसरे दगड असतील तर त्यांचीही दखल घ्या. पांढऱ्या संगमरवराचा मागचा एखादा तुकडा चमकत असला की पुढच्या करड्या दगडाचं काही चालत नाही. तो पुसू नका, ती दफनभूमी आहे, त्या दगडाखालीही कोणीतरी आहे. फक्त त्याचे हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणा. शेजारची प्लॅस्टिकची फुलं, लाल फीत, दूरची गाडी यांना आधी रंग काढून बघा, मग काळोख, आणि अगदी शेवटी पुसण्याचा विचार. नोंदीच्या प्रतीत पुसणं नाहीच.

एवढं झाल्यावर थांबा आणि फोटो अंगठ्याएवढा करून बघा. बऱ्याचदा दगडाला अजून हात लावलेला नसतो आणि नजर तिथे आलेली असते.

सावकाश वजा करण्याच्या या पद्धतीचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार अँसेल ॲडम्सचा १९४१ चा न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावाचा फोटो. वर चंद्र, खाली लहानसं गाव आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस. क्रूस फ्रेममध्ये अगदी चिमुकले आहेत, तरी डोळा त्यांच्यावर जातोच. ॲडम्सने १९४८ मध्ये निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तिथला कॉन्ट्रास्ट वाढवला. आणि पुढच्या काळातल्या प्रिंट्समध्ये तो आभाळ अधिकाधिक काळं करत गेला, आधीच्या प्रिंट्समध्ये दिसणारे ढग त्यात जवळजवळ गडप झाले. क्रूस उठतात त्यात त्या काळ्या आभाळाचा वाटा फार मोठा आहे.

आता दगड. इथे नियम एकच: तुम्ही टाकलेला उजेड मूळ उजेडाच्या दिशेनेच यायला हवा. ढगाळ दिवशी उजेड वरून येतो. दगडाचा माथा, खांद्याचे उतार, कोरीव फुलाच्या वरच्या पाकळ्या उजळ असतात; कोनाड्याखालचा भाग, पायथा काळसर. तेच वाढवायचं. उलट सुलट ब्रश फिरवला, तळाकडून उजेड दिला, तर एक गंमत होते: उजेड वरून येतो असं डोळा धरून चालतो, त्यामुळे खोल कोरलेली अक्षरं उठावाची वाटू लागतात. खात्री करायची असेल तर कोरीव अक्षरांचा कुठलाही फोटो उलटा करून बघा.

माझी पद्धत जुनी आहे. दोन कर्व्ह लेयर (फोटोवर चढवलेले, उजेड बदलणारे थर), एक उजळ करणारा, एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे पांढरा ब्रश फिरेल तिथेच परिणाम दिसतो. मग मऊ ब्रश, फ्लो (एका फटकाऱ्यात ब्रश किती रंग टाकतो ते) पाच टक्क्यांच्या आत, आणि हलक्या हाताने थर चढवत जायचं. एका फटकाऱ्यात फरक दिसला तर फ्लो जास्त आहे. उजळ करण्याचं काम मी ठरवलेल्या जागेभोवती करतो, संपूर्ण दगडावर नाही. नावाच्या ओळीभोवतीचा पृष्ठभाग पाव स्टॉप वर, दगडाच्या बाहेरच्या कडा तेवढ्याच खाली. दगडातच उजेडाचा उतार तयार होतो आणि विन्येटची, म्हणजे फ्रेमच्या कडा काळ्या करण्याची, गरज उरत नाही. तयार विन्येट मला आवडत नाही त्याचं कारण हेच, तो फ्रेमच्या मध्यावर बेतलेला असतो. तुमचा दगड डावीकडे असेल तर तो दगडाचाच खांदा काळा करतो.

फोनवर एडिट करत असाल तरी हरकत नाही. बहुतेक ॲपमध्ये गोल मास्क मिळतो. एक मोठा, उलटा केलेला, बाहेरचं सगळं थोडं मंद करणारा. दुसरा लहान, अक्षरांवर, किंचित उजळ. बारीक काम होणार नाही, पण सत्तर टक्के परिणाम येतो.

क्लॅरिटीबद्दल. ती अक्षरं आणि दगडाचा खरबरीतपणा यांत फरक करत नाही, दोन्हींना सारखंच ढकलते. म्हणून क्लॅरिटी वाढवली की दगड ‘जुना’ दिसतो आणि लेख मात्र आणखी हरवतो. त्याऐवजी फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि अक्षराच्या खाचेची जाडी पिक्सेलमध्ये मोजा. समजा बारा पिक्सेल आली. आता अनशार्प मास्कमध्ये (कडा ठळक करणारं साधन) रेडियस, म्हणजे कडेभोवती परिणाम किती रुंद पडतो ते, साधारण तेवढीच द्या, अमाउंट (तीव्रता) वीस-पंचवीस टक्क्यांवर ठेवा. एक पिक्सेलची रेडियस दगडाचे कण उचलते, बारा पिक्सेलची खाच उचलते. हा लेयर फक्त लेखाच्या भागावर मास्क करून लावा. याने चमत्कार होत नाही, पण डोळ्याला वाचायला धागा मिळतो.

ढगाळ उजेडाची आणखी एक खोड सांगतो. उजेड वरून असल्यामुळे खाचेचा खालचा उतार उजळतो आणि वरचा काळवंडतो. म्हणजे आडव्या रेघा दिसतात, उभ्या पुसट होतात. देवनागरी लेख असेल तर शिरोरेषा ठसठशीत आणि काने गायब. रोमन असेल तर ‘ई’चे तीन दांडे दिसतात, उभा खांब नाही. बाजूने येणाऱ्या उन्हात नेमकं उलटं. एडिटिंगने यावर मात होत नाही, कारण उभ्या खाचेत सावलीच पडलेली नाही. लेख वाचता येणं महत्त्वाचं असेल तर पुन्हा जा आणि दगडाला चाटून जाणारा उजेड मिळेल अशी वेळ निवडा, डाव्या किंवा उजव्या वरच्या कोपऱ्यातून तिरका आला तर दोन्ही रेघा मिळतात. दगड सावलीत असेल तर एखाद्या मोठ्या आरशाने ऊन त्याच्यावर तिरकं टाकता येतं. खडू, पीठ, दाढीचा फेस चोळून अक्षरं काढायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. ते पदार्थ दगडाच्या छिद्रांत बसतात आणि घासताना सुटा पापुद्रा हातात येतो.

कॅमेरा तिपाईवर ठेवून चार-पाच दिशांनी फ्लॅश मारून फोटो घ्यायचे आणि लेयर करून त्यातला उपयोगी उजेड निवडायचा, हाही चांगला मार्ग आहे. याच कल्पनेचं गणिती रूप २००१ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम मॅल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. त्यात संगणकावर उजेडाची दिशा नंतर फिरवता येते. झिजलेले लेख वाचणारे अभ्यासक ती पद्धत आजही वापरतात.

रंग ठेवायचा की कृष्णधवल करायचं? थडग्याचा फोटो म्हणजे कृष्णधवलच, ही सवय आहे, गरज नाही. पण कृष्णधवल करणार असाल तर रंग नुसता काढून टाकू नका, चॅनेल, म्हणजे फोटोतले लाल, हिरवा आणि निळा हे वेगवेगळे थर, उघडून बघा. उन्हातला फोटो असेल तर लाल चॅनेल फार कामाचा. खाचेतल्या सावलीवर निळ्या आभाळाचा उजेड पडलेला असतो, म्हणून ती सावली निळसर असते आणि लाल चॅनेलमध्ये जास्त काळी येते. केशरी दगडफूल त्याच चॅनेलमध्ये उजळ होऊन फिकट दगडात मिसळून जातं. एकाच वेळी अक्षरं वर येतात आणि डाग मागे जातात. निळ्या चॅनेलमध्ये तेच डाग काळेकुट्ट होतात आणि लेख चाळणीतून बघितल्यासारखा दिसतो. काळ्या स्लेटवर हे गणित बदलतं: तिथे लाल चॅनेलमध्ये दगडफूल दगडापेक्षा खूप उजळ होतं आणि उलट तेच डोळ्यात भरतं, म्हणून निळा चॅनेल बघा. ढगाळ दिवशी सावलीत निळेपणा नसतो, त्यामुळे लेखाचा फायदा मिळणार नाही, दगडफुलाचा मिळेल.

रंगीत ठेवणार असाल तर आसपास किंचित थंड आणि दगड किंचित उबदार, तीनशे-चारशे केल्व्हिनचा (रंगाची ऊब-थंडी मोजायचं माप) फरक पुरे. वालुकाश्माला ऊब शोभते. संगमरवर मात्र पिवळा करू नका, तो जुनाट दिसण्याऐवजी घाणेरडा दिसतो. झाडाखालच्या दगडावर पानांची हिरवी झाक असते, ती ऊब देण्याआधी काढा. आणि दगड रंगीत, बाकी कृष्णधवल ही युक्ती वापरू नका असं मी म्हणेन. तिने नजर दगडावर जाते खरी, पण पहिल्यांदा दिसते ती युक्ती.

कललेल्या दगडाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण आपोआप सरळ करणारी बटणं इथे घात करतात. क्षितिज, मागची भिंत किंवा झाडाचं खोड सरळ करा आणि दगड कललेलाच राहू द्या. दगड सरळ केला की मागचं जग कलतं आणि बघणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं.

एआयच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणारी साधनं जपून चालतील. पण धूसर भाग ‘स्पष्ट’ करून देणारी, चित्र मोठं करताना तपशील भरणारी साधनं लेखावर चालवू नका. त्यांना झिजलेली खाच म्हणजे काय ते कळत नाही. ती जवळचं, नेहमी दिसणारं अक्षर बसवतात, आणि छान ठाशीव बसवतात. इंग्रजी एकाचा सात होतो, तीनाचा आठ. देवनागरीत १ आणि ९ यांत घोळ होतो. कोणाच्या तरी मृत्यूचं साल बदलतं आणि पुढे तो फोटो पुरावा म्हणून फिरतो. हाताने ब्रश घेऊन अक्षरं गिरवणंही त्यातलंच. जे दिसतंय त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवा, जे दिसत नाही ते काढू नका. चित्राच्या प्रतीत आभाळ आणि गवत मंद करा, लेखाला मात्र दोन्ही प्रतींत हाच नियम.

तुमच्या सध्याच्या फोटोंपुरता क्रम सांगायचा तर असा: जागा ठरवा, क्रॉप, आभाळ, गवत, मागचे चमकणारे तुकडे, लहान करून तपासणी, मग दगडावर वरून येणारा उजेड, सगळ्यात शेवटी लेख. आधी वाढवलेली क्लॅरिटी आणि विन्येट शून्यावर आणून सुरुवात करा, त्यांच्यावर नवं काम चढवू नका.

तपासणीसाठी मी आणखी दोन गोष्टी करतो. फोटो आडवा आरशासारखा फिरवतो. ओळखीचा फोटो अनोळखी होतो आणि नजर खरंच कुठे पडते ते कळतं. आणि एक रात्र तसाच ठेवून सकाळी प्रत्येक लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) कमी करून बघतो. जवळपास नेहमीच दोन-तीन लेयर अर्ध्यावर येतात.

प्रिंट काढणार असाल तर कागदावर सगळं पडद्यापेक्षा काळोखं येतं, कारण पडदा स्वतः उजळतो आणि कागद नाही. मंद केलेलं गवत आणि सावल्या तिथे एकदम चिखल होऊ शकतात. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर एक लहान तुकडा छापून घ्या, दगडाचा पायथा आणि गवत ज्यात येईल असा, आणि पात्यांचे आकार दिसत नसतील तर गवताचा मास्क थोडा सैल करा.